गावात मधुमेह खरंच कमी, की तपासलेलाच कमी?

पाऊलवाट

थोरले काका एकसष्ट वर्षांचे, आयुष्यभर शेतात राबलेले. धाकटे काका शहरात, बैठी नोकरी, दहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू. घरात कायम एकच वाक्य ऐकत आलो: "थोरल्यांना काही होणार नाही, अंगमेहनत आहे ना."

दोन महिन्यांपूर्वी थोरल्या काकांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली काटा मोडला. जखम झाली, ती चिघळली, आणि पंधरा दिवस काका त्याच पायावर चालत राहिले. दुखत नव्हतं म्हणून. दुखत नव्हतं हेच लक्षण होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ड्रेसिंगला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरने सहज बोटातून थेंब घेतला. यंत्रावर आकडा आला ३४२. तीन महिन्यांची सरासरी ११.४. डोळ्यांच्या पडद्यावरही बदल दिसले. डॉक्टर म्हणाले, हे काल-परवाचं नाही, कित्येक वर्षं आत मुरत होतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मागच्या वर्षी कुणी पाहणी करायला दारात आलं असतं आणि विचारलं असतं, "तुम्हाला मधुमेह आहे का?" तर काकांनी "नाही" म्हटलं असतं. अगदी प्रामाणिकपणे. आणि कागदावर आणखी एक निरोगी शेतकरी वाढला असता.

मग मी आकडे वाचायला घेतले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अ‍ॅटलासप्रमाणे जगात २० ते ७९ वयाच्या प्रौढांपैकी १०.५ टक्के लोकांना मधुमेह होता, म्हणजे सुमारे ५३.७ कोटी. शहरांत १२.१ टक्के, खेड्यांत ८.३ टक्के. त्याच अहवालात असंही आहे की मधुमेह असलेल्या दर दोघांपैकी जवळजवळ एकाला तो असल्याचं माहीतच नव्हतं.

माझा प्रश्न एवढाच: खेड्यातला हा ८.३ खरा किती? आणि "काठावरची साखर" म्हणतात त्या प्रीडायबेटिसचं (साखर नॉर्मलपेक्षा जास्त, पण मधुमेह म्हणण्याइतकी नाही) शहर-खेडं गणित कसं आहे? इथे आरोग्य आणि आकडेवारी दोन्हींत काम करणारी मंडळी आहेत, म्हणून धागा काढला.

---

साधाकागद

काकांचं वाचून वाईट वाटलं. पाय वाचला ना?

प्रश्नाकडे येतो. मधुमेह किती, हे शोधण्याचे मुळात दोन मार्ग आहेत. एक, माणसाला विचारायचं: "डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?" दोन, रक्त काढायचं. पहिल्या मार्गाने जो आकडा येतो तो मधुमेहाचा कमी आणि दवाखाना किती जवळ आहे याचा जास्त असतो. शहरात कुठल्याही छोट्या ऑपरेशनआधी, विम्यासाठी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत साखर बघितली जाते. शेतात राबणाऱ्याच्या आयुष्यात असे प्रसंगच कमी येतात. त्यामुळे विचारून केलेल्या पाहणीत शहर-खेड्यातली दरी असते त्याहून मोठी दिसते. तुमची शंका तिथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे.

पण रक्त तपासूनही दरी उरतेच. भारतातलं मोठं उदाहरण आयसीएमआर-इंडियाबचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचं. २००८ ते २०२० अशी बारा वर्षं टप्प्याटप्प्याने, ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत, १,१३,०४३ माणसं, त्यातली ७९,५०६ ग्रामीण. २०२३ मध्ये त्याचा एकत्रित निकाल आला. मधुमेह: शहरी १६.४ टक्के, ग्रामीण ८.९ टक्के. जवळपास निम्मा. म्हणजे फरक आहे, तो निव्वळ मोजणीचा खेळ नाही.

आता प्रीडायबेटिस बघा. शहरी १५.४ टक्के. ग्रामीण १५.२ टक्के.

हे दोन आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पान उलटू शकलो नव्हतो. रक्तदाब, लठ्ठपणा, पोटाचा घेर, कोलेस्टेरॉल, सगळं शहरात जास्त. फक्त काठावरची साखर दोन्हीकडे सारखी. शहरात दर दहा मधुमेहींमागे काठावरचे नऊ-साडेनऊ. खेड्यात दर दहा मधुमेहींमागे काठावरचे सतरा. शहरातली गर्दी काठ ओलांडून गेली आहे, खेड्यातली अजून काठावर उभी आहे. मला तर "ग्रामीण भागात मधुमेह निम्मा आहे" हे वाक्यच अपुरं वाटतं. "अजून निम्मा आहे" असं म्हणायला हवं.

हेच राज्याराज्यांत दिसतं. गोव्यात मधुमेह २६.४ टक्के, सगळ्यात जास्त. उत्तर प्रदेशात ४.८, सगळ्यात कमी. पण त्याच उत्तर प्रदेशात प्रीडायबेटिस १८ टक्के. एका मधुमेहीमागे जवळपास चार जण काठावर. कमी आकड्याचं राज्य म्हणून तिथे निवांत बसता येईल का?

---

शांतदुपार

वाचते आहे. काकांना लवकर बरं वाटो.

---

निळीशाई

मी बरीच वर्षं अशा पाहण्यांमध्ये प्रत्यक्ष रक्त घेण्याचं काम केलं आहे. आकडा कागदावर येण्याआधी काय काय होतं ते सांगते, कारण पाऊलवाट यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

तपासणी अशी: रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाचं सकाळी पहिलं टोचणं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला द्यायचं. ते इतकं गोड असतं की दोन घोटांनंतर माणूस पेला खाली ठेवतो आणि आमच्याकडे बघतो. प्यायलं की घड्याळ लावायचं. दोन तास बसायचं, चालायचं नाही, खायचं नाही, विडी-सिगारेट नाही. मग दुसरं टोचणं.

शहरात हे तुलनेने सोपं जातं, सुट्टीच्या दिवशी माणसं बसतात. खेड्यात सकाळचे सहा वाजले की कामाची वेळ. दोन तास म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. बायका बसतात, म्हातारी माणसं बसतात. पस्तिशी-चाळिशीतले पुरुष पहिलं टोचणं झालं की "आलोच" म्हणून जातात ते येत नाहीत. पुष्कळ घरांतले तरुण तर कामासाठी बाहेरच गेलेले असतात, त्यांचं नाव यादीत असतं पण माणूस नसतो. कुलूप लावलेल्या घरी आम्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातो. तरीही काही जण निसटतातच.

नंतर आकडेवारीवाले वयाप्रमाणे, लिंगाप्रमाणे हिशेबात कमी-जास्त भार देऊन हे सावरतात, आणि नीट सावरतात. पण दुसरं टोचणं राहिलं की एक गोष्ट कायमची हातातून जाते: ज्यांची उपाशीपोटीची साखर चांगली असते पण ग्लुकोज प्यायल्यावर चढते आणि उतरतच नाही, अशी माणसं. ती फक्त दुसऱ्या टोचण्यातच सापडतात.

आणखी एक. हल्ली सोय म्हणून एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) करतात, उपाशी राहायला नको, बसायला नको. पण लोहाच्या कमतरतेने ज्यांचं रक्त कमी असतं त्यांचा हा आकडा थोडा वर सरकू शकतो. सिकलसेलसारखा रक्तदोष असेल तर तो फसवाच येतो. ज्या वस्तीत निम्म्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी आहे तिथे एकट्या या तपासणीवर विसंबून टक्केवारी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

चौथाकोन

सगळ्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवून एक विरोधी मुद्दा मांडतो.

प्रीडायबेटिस हा आकडा मला विश्वासार्ह वाटत नाही. चीनचं उदाहरण घ्या. २००७-०८ च्या राष्ट्रीय पाहणीत तिथे प्रीडायबेटिस १५.५ टक्के होता. २०१० च्या पाहणीत तो ५०.१ टक्के झाला. अर्धा देश दोन-तीन वर्षांत काठावर येऊन उभा राहिला? हे शक्य नाही. व्याख्या बदलली की रुग्ण वाढतात. अमेरिकी मधुमेह संघटनेने २००३ मध्ये उपाशीपोटीच्या साखरेची खालची रेघ ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ११० च ठेवली. म्हणजे १०५ साखर असलेला माणूस एका कागदावर रुग्ण आणि दुसऱ्या कागदावर धडधाकट.

आणि ज्यांना हे लेबल लागतं त्यांतले कित्येक जण पुढे कधीच मधुमेही होत नाहीत. काही तर आपोआप पूर्ववत होतात. ज्या गावात रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळत नाही, तिथल्या दर सातव्या माणसाला "तुम्ही काठावर आहात" सांगून आपण नक्की काय साधतो? फक्त धास्ती. माझ्या आईला हे लेबल लागल्यावर तिने सहा महिने घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही, स्वतः तर नाहीच. दुसऱ्या तपासणीत सगळं नॉर्मल निघालं.

---

उंबरठा

मी डॉक्टर आहे, मधुमेहाचेच रुग्ण जास्त बघतो. चौथाकोन यांचा मुद्दा मला टाळायचा नाही, कारण तो महत्त्वाचा आहे आणि निम्मा खरा आहे.

चीनबद्दल ते बरोबर आहेत. पहिल्या पाहणीत जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या होती. दुसरीत अमेरिकी व्याख्या, शिवाय एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असणारे सगळे मोजले. जाळ्याची छिद्रं बारीक केली की मासे जास्त सापडतात. म्हणून दोन पाहण्यांतले प्रीडायबेटिसचे आकडे शेजारी ठेवताना आधी विचारायचं: रेघ कुठे होती? उपाशीपोटीच बघितलं, की दोन तासांनीही? साधाकागद यांनी दिलेले इंडियाबचे १५.४ आणि १५.२ हे मात्र एकाच पाहणीतले, एकाच रेघेने मोजलेले आहेत. त्यांची एकमेकांशी तुलना योग्यच आहे.

आता "काय साधतो?" हा प्रश्न. काठावरच्या लोकांपैकी साधारण पाच ते दहा टक्के दरवर्षी मधुमेहात जातात असं ढोबळमानाने धरतात, आणि बऱ्यापैकी लोक परतही फिरतात. पण हे सगळीकडे सारखं नाही. भारतातल्या मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत, जिचे निकाल २००६ मध्ये आले, ज्यांना काहीच विशेष मार्गदर्शन दिलं नव्हतं त्या गटातले ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. हे सगळे दुसऱ्या टोचण्यात सापडलेले होते, म्हणजे निळीशाई म्हणतात ती माणसं. ज्यांना चालणं आणि आहार यांचं नियमित मार्गदर्शन मिळालं त्यांच्यात हा आकडा ३९.३ टक्के.

फिनलंडमध्ये ५२२ लोकांवर झालेल्या चाचणीत आणि अमेरिकेतल्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. अमेरिकेत लक्ष्य काय होतं? वजन सात टक्क्यांनी कमी आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं. एवढंच. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये ५७७ लोकांवर असं काम सुरू झालं, सहा वर्षं चाललं, आणि नंतर तीस वर्षं त्या लोकांचा माग ठेवला. मार्गदर्शन मिळालेल्यांना मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा झाला, आणि हृदयविकार-पक्षाघाताने होणारे मृत्यूही कमी झाले.

चार वर्षं उशीर हे कुणाला कमी वाटेल. माझ्या समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची, किडनीची, पायाची चार वर्षं असतात ती.

तुमच्या आईंना झालेला त्रास मात्र मी नाकारत नाही. लेबल लावून घरी पाठवणं हा आम्हा लोकांचा दोष आहे. एका तपासणीवर कुणालाही शिक्का मारू नये, दुसऱ्यांदा तपासावं. आणि समोर बसवून सांगावं की हा आजार नाही, सूचना आहे.

---

चौथाकोन

५५ टक्के तीन वर्षांत, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या टोचण्यात सापडलेला आणि फक्त १०० ची रेघ ओलांडलेला, हे दोघे एकाच नावाखाली मोजू नयेत, हे माझं म्हणणं कायम ठेवतो. पण सरसकट अविश्वास मागे घेतो.

---

बांधावरून

मी खेड्यातच राहतो, म्हणून बोलतो. शहरातली माणसं "खेडं" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षांपूर्वीचं चित्र असतं. वडील दिवसभर औतामागे चालायचे. मी ट्रॅक्टरवर बसतो. ते शेतापर्यंत पायी जायचे, मी दुचाकीवर जातो. मोटर चालू करायला पूर्वी विहिरीपर्यंत जावं लागायचं, आता मोबाइलवरून चालू होते. ह्यातलं काहीही वाईट नाही, वडिलांची पाठ चाळिशीत गेली ती आम्ही पाहिली आहे. पण "शेतकरी म्हणजे अंगमेहनत" हे आता निम्मंच खरं. वर्षातले काही आठवडे मर मर काम, उरलेले महिने बसून.

साधाकागद म्हणतात ते काठावरचे लोक मला दिसतात. माझ्याच पिढीचे.

एक प्रश्न: आमच्याकडे अगदी काटकुळ्या माणसांनाही साखर निघते. वजन नाही, पोट नाही. हे कसं?

---

साधाकागद

बांधावरून, तुमच्या पहिल्या मुद्द्याला जागतिक पुरावा आहे. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा अभ्यास आला, ११ कोटींहून जास्त प्रौढांच्या उंची-वजनाच्या नोंदींवर. १९८५ ते २०१७ या काळात जगात सरासरी वजन-उंची गुणांक जेवढा वाढला, त्यातला ५५ टक्क्यांहून जास्त वाटा ग्रामीण भागातल्या वाढीचा होता. तोवर सगळे शहरीकरणालाच दोष देत होते.

आणि शहर म्हणजे जास्त, खेडं म्हणजे कमी, हा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत उलटं आहे: तिथे मधुमेह ग्रामीण भागात जास्त आढळतो. गरिबी जास्त, लोक वयस्क, डॉक्टर लांब, आणि शेती यंत्रावर गेल्याला पिढ्या झाल्या. भारतातही उलटापालट सुरू झाल्याची खूण इंडियाबच्या २०१७ मधल्या पंधरा राज्यांच्या निकालात दिसली होती. सुबत्ता असलेल्या काही राज्यांच्या शहरांमध्ये मधुमेह श्रीमंतांपेक्षा गरिबांत जास्त निघाला. चंदीगडच्या शहरी भागात तर कमी उत्पन्न गटात २६.९ टक्के आणि वरच्या गटात १२.९. खेड्यांत मात्र अजून सुस्थितीतल्यांनाच जास्त. श्रीमंतांचा रोग, शहराचा रोग, ह्या पाट्या एकामागून एक गळत आहेत.

सत्तरच्या दशकात आयसीएमआरने पाहणी केली होती तेव्हा शहरी २.१ आणि ग्रामीण १.५ टक्के होता. तपासणीची पद्धत वेगळी होती, त्यामुळे थेट भागाकार करू नये. पण आजचं ग्रामीण ८.९ हे त्या काळच्या कुठल्याही शहरी आकड्याला लाजवेल असं आहे.

दुसरा प्रश्न उंबरठांसाठी सोडतो.

---

उंबरठा

काटकुळ्या माणसाचं उत्तर त्याच्या जन्माआधी शोधावं लागतं.

मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत नव्वदच्या दशकात गरोदर बायकांच्या नोंदी सुरू केल्या आणि जन्मलेल्या मुलांचा माग आजवर ठेवला. जन्माच्या वेळी ती बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, सरासरी २.७ किलो. पण कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. स्नायू आणि अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. ही मुलं अठरा वर्षांची झाल्यावर ग्लुकोज देऊन तपासली तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली होती. त्यातली जवळपास निम्मी मुलं-मुली कमी वजनाची होती. अठराव्या वर्षी, खेड्यात, हडकुळी, आणि तरीही काठावर.

पोटात असताना पोषण अपुरं मिळालं की इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा साठाच तोकडा राहतो, आणि साखर शोषणारे स्नायूही कमी. असं शरीर कमी खाण्यावर आणि भरपूर कष्टांवर निभावून नेतं. कष्ट कमी झाले की तोकडेपणा उघडा पडतो. वजनकाट्यावर ते दिसत नाही. म्हणून "बारीक आहे, कशाला तपासायचं" हे आमच्याच क्षेत्रातलं वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं.

राहणीचा वाटा किती, हे बघायला पिमा लोकांचं उदाहरण आहे. एकाच वंशाचे लोक, काही अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, काही मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अ‍ॅरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के, मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ६.९ टक्के. मेक्सिकोतले पिमा हाताने शेती करत होते. पूर्वज तेच, दिवस कसा जातो ते वेगळं.

---

शांतदुपार

एक विचारू का? भारतात १०.१ कोटी मधुमेही असं एका बातमीत वाचलं आणि २१.२ कोटी असं दुसऱ्या बातमीत. दोन्ही मोठ्या नावाजलेल्या अभ्यासांचे. यातलं खरं कोणतं?

---

साधाकागद

दोन्ही आपापल्या रेघेने खरे.

१०.१ कोटी हा इंडियाबचा, २०२१ सालासाठीचा अंदाज. त्यात उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर बघितली. (त्याच अभ्यासात प्रीडायबेटिस १३.६ कोटी.) २१.२ कोटी हा २०२२ सालासाठीचा, जगभरातल्या नोंदी एकत्र करणाऱ्या एनसीडी-रिस्क या गटाचा. त्यांनी उपाशीपोटीची साखर १२६ वर किंवा एचबीएवनसी ६.५ च्या वर किंवा औषध चालू, यातलं काहीही असलं तरी मधुमेह धरला. एचबीएवनसी आत घेतलं की दक्षिण आशियात आकडा फुगतो. निळीशाईंनी वर लोहाबद्दल सांगितलं ते यामागचं एक संभाव्य कारण. त्याच गटाने जगभरात ८२.८ कोटी प्रौढ मधुमेही धरले आहेत, तर महासंघाचा २०२४ सालचा आकडा ५८.९ कोटी आहे.

आकडा हाती आला की मी तीन गोष्टी बघतो. विचारून की तपासून? कोणत्या तपासणीने? वयाचा हिशेब जुळवला आहे का? तिसरी गोष्ट खेड्यांच्या बाबतीत फार नडते. तरुण कामासाठी बाहेर पडलेलं गाव वयाने म्हातारं असतं आणि मधुमेह वयाबरोबर वाढतो. तुलना करण्याआधी वय जुळवलं नाही तर चित्र भलतंच दिसतं.

अजून एक बाब, जी बातम्यांत कधीच येत नाही. टक्केवारी म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी. वरून नळ चालू आहे, म्हणजे नवे रुग्ण. खालून गळती आहे, म्हणजे मृत्यू. उपचार सुधारले आणि माणसं जास्त जगली की पातळी वाढते, आणि ती वाढ चांगली असते. ज्या भागात रुग्ण निदान न होताच जातात तिथे पातळी कमी दिसते. पाऊलवाट, तुमच्या काकांची जखम वेळेत दिसली नसती आणि त्यांचं काही बरंवाईट झालं असतं, तर गावाची टक्केवारी कमीच राहिली असती. कमी टक्केवारी वाचताना हे विसरू नका.

---

बांधावरून

टाकीचं उदाहरण ग्रामसभेत सांगणार आहे.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. पाय वाचला आहे, जखम हळूहळू भरते आहे. काका आता रोज रात्री तळवा आरशात बघतात.

उंबरठा यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे घरातल्या सगळ्यांची तपासणी केली, दोन्ही टोचणी. चुलतभाऊ चौतिशीचा, ८८ आणि ११२, व्यवस्थित. काकूची उपाशीपोटीची ९७. तीन महिन्यांची सरासरी ५.६. तिथेच थांबलो असतो तर घरी येऊन सुटकेचा श्वास सोडला असता, कारण दोन्ही आकडे कुठल्याही व्याख्येने चांगलेच आहेत. दोन तासांनंतरची निघाली १७१. काकू दिसायला अगदी बारीक आहे.

म्हणजे थोरल्या काकांच्या एका घरात एक मधुमेही, एक काठावर. आणि गेल्या वर्षीच्या पाहणीत दोघंही निरोगी ठरले असते.

---

उंबरठा

काकूंची दुसऱ्या टोचण्याची तपासणी काही आठवड्यांत पुन्हा करा, मग पक्कं समजू. तोवर औषध नको. जेवणानंतर चालणं आजपासून सुरू करू देत, तेवढ्यासाठी निकालाची वाट बघायची गरज नाही. त्यानंतर वर्षातून एकदा, दोन्ही टोचणी. आणि काकांच्या आरशाबद्दल त्यांना माझ्याकडून शाबासकी सांगा. वर्षानुवर्षं सांगूनही हे करणारे रुग्ण मी मोजकेच पाहिले आहेत.

---

पाऊलवाट

सांगते. काल काकूचा फोन आला होता. तिच्या शेजारच्या दोघी तपासायला येतो म्हणाल्या होत्या. दोन तास बसावं लागेल असं कळल्यावर एक मागे फिरली, तिला कामावर जायचं होतं. दुसरीला काकू स्वतः सोबत घेऊन जाणार आहे.

---

निळीशाई

ज्या मागे फिरल्या त्यांचं नाव काकूंना लिहून ठेवायला सांगा, आणि कोणत्या दिवशी काम नसतं तेही. आमची दुसरी फेरी नेहमी अशाच नावांपासून सुरू होते.